लाल डोळा आणि एचएलए-बी२७ : तपासणीचा अहवाल कसा वाचावा

एकच डोळा अचानक लाल होऊन ठणकू लागला, उजेड सोसवेना, दिसणे धूसर झाले आणि चिकट घाण मात्र फारशी येत नसेल, तर ‘डोळे आले’ असे समजून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या नेत्र विभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या प्रकाशयंत्राखाली) डोळा त्याच दिवशी तपासून घ्यावा. हा डोळ्याच्या आतला दाह, म्हणजे युव्हिआयटिस, असू शकतो. त्याच्या तपासण्यांत डॉक्टर अनेकदा एचएलए-बी२७ ही रक्तचाचणी सांगतात. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही.

एचएलए जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांच्यापासून तयार होणारी प्रथिने पेशीच्या आतील प्रथिनांचे, जंतूंच्या प्रथिनांचेही, तुकडे पृष्ठभागावर आणून प्रतिकारक पेशींना दाखवतात. बी२७ हा त्यातील एक प्रकार. तो असलेल्यांपैकी काहींना साल्मोनेला, शिगेला यांसारख्या आतड्याच्या संसर्गानंतर सांधे आणि डोळ्यांचा दाह होतो. डोळ्यात जिवंत जंतू नसतानाही हे घडते. म्हणून जुलाब किंवा लघवीची जळजळ अलीकडे झाली असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे आजार सिद्ध झाला, असे मुळीच नाही. हे जनुक असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर डोळ्याचा त्रास होत नाही. उलट ‘निगेटिव्ह’ अहवालानेही युव्हिआयटिस नाही असे ठरत नाही, कारण त्याची इतर कारणे पुष्कळ आहेत.

माझ्या मते आपल्या भागात खरी दक्षता इथेच हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत करवीर-शिरोळमधील कितीतरी माणसे पंचगंगेच्या पाण्यात आणि चिखलात वावरली. उंदीर व जनावरांच्या मूत्रातून अशा पाण्यात मिसळणाऱ्या लेप्टोस्पायरा जंतूंमुळे आलेला ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही युव्हिआयटिस होऊ शकतो, आणि रुग्णाला त्या तापाची आठवणही राहिलेली नसते. क्षयरोग, सिफिलिस आणि नागिणीचे विषाणू यांचाही विचार व्हावा लागतो. बी२७ पॉझिटिव्ह आहे एवढ्यावरून हा शोध थांबवणे धोक्याचे आहे, कारण योग्य जंतुविरोधी औषधाशिवाय दिलेल्या स्टेरॉइडने संसर्ग बळावू शकतो.

अहवाल पॉझिटिव्ह असून कंबर सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असेल, हालचालीने सैल होत असेल आणि हे तीन महिन्यांपासून चालू असेल, तर संधिवाततज्ज्ञांनाही दाखवावे. अपत्याला हे जनुक मिळण्याची शक्यता साधारण निम्मी असते. तरीही लक्षणे नसलेल्या मुलांची चाचणी करून घेऊ नये, तिने निष्कारण घोर लागतो.

डॉक्टरांनी दिलेले थेंब लाली गेली म्हणून मध्येच सोडू नयेत. स्टेरॉइडची मात्रा त्यांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी. अहवालाची प्रत जपून ठेवावी. जनुक बदलत नसल्यामुळे ही चाचणी पुन्हा करावी लागत नाही, परंतु डोळा पुन्हा लाल झाल्यास डोळ्याची तपासणी मात्र नव्याने व्हायलाच हवी.