पाहुण्या मिशनऱ्यांचा सत्कार करताना या चुका टाळा

मेळघाटात कोरकू लोकांमध्ये सेवा करणारं एक जोडपं मागे आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) आलं होतं. उपासनेनंतर शाल, श्रीफळ, गुच्छ, काचेचं स्मृतिचिन्ह, सगळं रीतसर झालं. रात्री ताई आमच्याकडे बॅग भरायला बसल्या. आधीच्या मंडळ्यांच्या तीन शाली होत्या, त्यात आमची चौथी. स्मृतिचिन्ह फुटू नये म्हणून त्या ते साडीत गुंडाळत होत्या, कारण पुढे परतवाड्याहून धारणीपर्यंत एसटीनं घाट चढायचा होता. दाराशी त्यांची चप्पल होती. तिचा अंगठा तारेनं बांधलेला. दिवसभर त्या आमच्यात वावरल्या आणि एकाच्याही ते लक्षात आलं नाही. मला फार लागलं ते.

आता आम्ही पंधरा दिवस आधी फोन करून विचारतो, "इकडून काय न्यायचंय?" पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "काही नको, प्रार्थना करा." म्हणून नाव घेऊन विचारावं : मुलांच्या वह्या, चष्मा, औषधं, सोलरचा दिवा? बायबलमधल्या प्रेषित पौलानंही आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, स्पष्ट कळवलं होतं की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, आणि हिवाळ्याआधी ये.

दुसरी मोठी चूक पाकिटाची. प्रवासखर्च आणि भेट एकत्र घातली, की दोघांचं भाडं वजा जाता हातात काहीच उरत नाही, आणि ते तोंडानं बोलणार नाहीत. भाडं खजिनदारांनी आल्या दिवशीच वेगळं द्यावं. त्यांच्या नावानं दानार्पण घेतलं असेल तर ते पूर्ण त्यांच्याच कामाला जावं, मंडपाचं किंवा जेवणाचं बिल त्यातून भागवू नये. मागच्या बाकावरच्या आजीबाईंनी पन्नासची नोट मेळघाटासाठी टाकलेली असते. काही संस्थांत वैयक्तिक भेट घ्यायची नसते, ती पावती करून संस्थेकडे जाते, तेही आधी विचारून घ्या. पाकीट देऊन झालं आणि कमी पडल्याचं नंतर कळलं, तर लाजून गप्प बसू नका. उरलेले यूपीआयनं पाठवा, सोबत दोन ओळी लिहा.

शे-दोनशे मैलांवरून आलेल्या माणसाला उपासनेतल्या जाहिराती (सूचना) आणि वाढदिवसांनंतर "पाच मिनिटांत साक्ष द्या" म्हणू नये. आणि साक्ष फक्त साहेबांची का? वस्तीतल्या बायका मोकळेपणानं बोलतात त्या ताईंशीच. त्यांना महिला मंडळात नीट तासभर द्या.

पाहुणचारातही अति होतं. सकाळी एका घरी नाश्ता, दुपारी दुसऱ्याकडे मटण, रात्री तिसरीकडे बिर्याणी, आणि मध्ये घरोघर प्रार्थना. माणूस आजारी पडेल. एक दुपार त्यांना झोपू द्या. साधी भाकरी-भाजी चालेल का, असं विचारलं की बहुतेकांचा चेहरा खुलतो.

फोटोंबाबत मात्र कडक राहा. मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड, ओडिशा इथं धर्मांतराविषयी कायदे आहेत. गावाचं नाव घालून, तिथल्या विश्वासणाऱ्यांचे चेहरे दाखवून आपण कौतुकानं फेसबुकवर टाकतो आणि त्रास त्यांना होतो. विचारल्याशिवाय काही टाकू नका. टाकलं असेल तर आत्ताच काढा आणि त्यांना तसं कळवा.

एसटी सुटली की आपण त्यांना विसरतो, ही चूक जवळजवळ सगळ्यांची. फिलिप्पै शहरातल्या मंडळीनं पौलाच्या बाबतीत तसं केलं नाही. पौल थेस्सलनीकेत होता तेव्हाही त्यांनी एकदा सोडून दोनदा त्याची गरज भागवली, पुढे आपल्यातल्या एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठवली. मिशनऱ्यांचं प्रार्थनापत्र आलं की निदान एका ओळीचं उत्तर द्या. आमचं महिला मंडळ दर बुधवारी ताईंना फोन लावतं. नेटवर्कसाठी त्यांना टेकडी चढावी लागते, म्हणून वेळ त्यांनीच ठरवून दिली आहे : संध्याकाळी साडेपाच, अंधार पडायच्या आत.