आयटी हेड साहेब, या चुका टाळा

ऐन सीझनात गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टीम चालू, करू नका. लातूर भागात नवं काम घेतलं की पहिल्या मीटिंगलाच मी हे बोलून टाकतो, कारण ही चूक मी स्वतः करून बसलोय.

एका सोयाबीन प्लांटवर आयटी बघायचो. मालकांना ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र ठेवणारी सिस्टीम, दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर हवी होती आणि मी मान डोलावली. बाजार उघडला तशी वजनकाट्यावरची गाड्यांची रांग पार रस्त्यावर गेली. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम गेट एन्ट्रीच घेईना. आडत्याशी सौदा सकाळी फोनवर होतो, दुपारी माल दारात. पीओ काढणार कोण, कधी? मॉइश्चरची कटती, म्हणजे ओलाव्यापोटीची कपात, तीही मी 10 टक्क्यांच्या वर सरसकट लावून ठेवली होती. मुनीमजी ती पार्टी बघून, दाणा दाताखाली फोडून ठरवायचे. मी केबिनमध्ये, समोर डॅशबोर्ड हिरवागार. संध्याकाळी काट्यावर गेलो तर मुनीमजी कीबोर्डवर खर्डा वही ठेवून लिहीत होते. "साहेब, तुमचं चालू द्या, गाड्या मी काढतो."

तेव्हापासून डेमोच्या आधी आठ दिवस काट्यावरच्या स्टुलावर बसतो. नव्या पोरांना हे कमीपणाचं वाटतं. त्यांना सर्व्हर सांभाळायचा असतो. अरे, सर्व्हर आता भाड्यानं मिळतो! कटतीत सूट द्यायचा अधिकार कुणाचा, हे मालक आणि मुनीमजींना समोरासमोर बसवून ठरवून घेणं कुणी भाड्यानं देत नाही.

"थोडे दिवस वहीपण चालू ठेवू" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ते थोडे दिवस दुसरी दिवाळी बघतात. मी तारीख ठरवतो, त्या रात्री वही मालकांच्या कपाटात.

ट्रेनिंग एका दुपारी समोशांवर उरकू नका. काट्याच्या पीसीला यूपीएस द्या, केबिनला नंतर दिला तरी चालेल.

आणि सगळ्यांना एकच अ‍ॅडमिन लॉगिन नको. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची नोंद राहावीच लागते, ती बंद करता येत नाही. नोंदीत सगळीकडे 'अ‍ॅडमिन' दिसलं की ऑडिटर कुणाला धरणार?

मुनीमजींना मी त्यांचं स्वतःचं लॉगिन काढून दिलं. पासवर्ड त्यांनी काट्याच्या काचेवर चिकटवला, ड्रायव्हरलाही वाचता येईल एवढ्या अक्षरात.