वारीहून आलात? आधी स्टार्टर ऑटोवरून काढा

कोथळीहून मुक्ताईची पालखी निघते ती बुलढाणा, जालना, बीड करत महिन्याभराने पंढरीला पोचते. चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तिच्यासोबत पायी गेलो. बीडकडच्या एका वस्तीवर टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. तिथल्या एका माउलीने दारातल्या पिंपातून आम्हा अकरा जणांना तांब्या-तांब्या पाणी दिलं. आम्ही निघालो तेव्हा तिने पिंपात वाकून पाहिलं. बोलली काहीच नाही. तिचं ते वाकून बघणं पंढरीपर्यंत माझ्याबरोबर चाललं.

इकडे जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यात माझ्या चार एकर केळीवर साडेसात एचपीची मोटर ऑटोवर होती. रात्री लाईट आली की आपोआप चालू, गेली की बंद. मी झोपलेला.

आमच्याकडे वारीहून येणाऱ्याला लोक पाया पडतात. डोळ्यांत पाणी असतं, जीव हलका झालेला असतो, ते सगळं खरं असतं. त्या ओल्या मनाने पुढे काय करायचं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

पहिले पंधरा दिवस कुणाला काही शिकवू नका. मी आल्या आल्या धाकट्या भावाला पाण्यावरून बोललो. तो दोन महिने बांधावर आला नाही. माझी मोटर तेव्हाही ऑटोवरच होती.

मग आपल्या हातून रोज घडणारी एकच गोष्ट धरा आणि ती कुठून येते, कुठे जाते, ते पायी जाऊन बघा. मी पाणी धरलं. सातपुड्याच्या पायथ्याशी वाळू-गोट्यांचा पट्टा आहे. सुकी, मोर या नद्यांचं पावसाळी पाणी तिथे जिरतं आणि खाली तापीपर्यंतच्या विहिरींना मिळतं. इतकी वर्षं मी 'माझा बोअर' म्हणत आलो. पाइप माझा आहे, पाणी डोंगरावरून आलेलं आहे आणि माझ्यापुढेही माणसं आहेत.

आता मोजा. हे काम टाळू नका, इथेच खरी झोप उडते. ड्रिपरखाली, म्हणजे ठिबकच्या नळीला पाणी टपकवणारं तोंड असतं त्याखाली, भांडं ठेवून घड्याळाने सहा मिनिटं पाणी धरा. ४०० मिली भरलं तर तो ड्रिपर तासाला ४ लिटर देतो. माझ्याकडे खोडामागे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला ८ लिटर. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,७०० खोडं बसतात. ऐन उन्हाळ्यात खोडाला दिवसाला २० लिटर धरले तरी अडीच तास पुरे. पण रात्री व्हॉल्व्ह बदलायला उठायचं कुणी, म्हणून एकाच एकराला आठ तास पाणी चालायचं. खोडामागे ६४ लिटर. एकराला एका रात्रीत १,०८,८०० लिटर, गरज ३४ हजारांची. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर अकराला थोडे कमी. ते वहीत लिहिलं तेव्हा मला ते पिंप आठवलं. उठलो आणि स्टार्टर ऑटोवरून काढला.

तेव्हापासून पाणी सोडायच्या आधी खोडाजवळची वीतभर खोलीची माती मुठीत घेतो. लाडू वळला तर त्या दिवशी मोटर बंद.

यानंतरचं काम अवघड आहे. ज्यांच्यावर आपला भार पडतो त्यांना विचारायचं. "काही त्रास आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही भाऊ" एवढंच येतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं) नवं साल ठरतं, पैशाची बोलणी होतात. ती उरकल्यावर, चहा घेताना, मी विचारलं, "माझ्यामुळे तुझं कुठलं काम दुप्पट होतं?" तो बराच वेळ बशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, रात्रभर पाणी चालतं, सकाळी घोट्याएवढा चिखल असतो, पानं कापणाऱ्या बाया घसरतात. आणि करप्याची, पानं करपवणाऱ्या रोगाची, फवारणी तुम्ही भर दुपारी सांगता, वाफ तोंडावर येते. दोन्ही गोष्टी त्याला सहा वर्षांपासून माहीत होत्या. ऐकताना मधे बोलू नका. "पण लाईटच रात्री असते" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. फवारणी आता सकाळी सातच्या आत, मास्क आणि हातमोजे मी आणून देतो.

नुसती माफी मागून थांबू नका, घेतलं तिथे काही परत घाला. मी जुन्या विहिरीत पावसाचं पाणी सोडतो. शेतातलं गढूळ पाणी थेट विहिरीत ढकलू नका, गाळ आणि त्याला चिकटलेली औषधं त्यातून खाली जातात. आधी गाळणखड्डा घ्या: तळाला मोठे दगड, वर गोटे, त्यावर वाळू. वाळू दर उन्हाळ्यात उपसून धुवायची.

या सगळ्यात एक दिवस असा येतो की आपलं केलेलं आठवून माणूस खचतो. मला तीन आठवडे माळ हातात धरवत नव्हती. तेव्हा मुक्ताईनेच हात दिला. ज्ञानदेव रुसून ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून आत बसले तेव्हा ही लहान बहीण दारात उभी राहून त्यांना बाहेर बोलवत राहिली. बाहेर काम पडलेलं असताना आत बसून स्वतःला कोसत राहणं, तीही ताटीच. तिथून उठून मी वाळू धुवायला गेलो.

यंदा एक एकर केळी मोडून कमी पाण्याचा हरभरा घेतला. पैसा कमी आला. कारभारीण विचारते, मुलाचं शिक्षण चालू आहे, उरलेल्या तीन एकरांचं काय करणार? तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलाय. खाली पान कोरं ठेवलंय.