रात्रीची बॅच अडू नये म्हणून: आयबीएम आयवर रिप्लाय लिस्ट कशी लावावी

महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपन्यांचं स्टॉक-बिलिंग अजून आयबीएम आयवर चालतं (आयबीएमच्या बिझनेस सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम; जुनी मंडळी एएस400च म्हणतात), तिथे रात्रीची बॅच (एकामागोमाग आपोआप चालणारी कामं, म्हणजे जॉब) रखडण्याचं नेहमीचं कारण एकच: एक जॉब एमएसजीडब्ल्यू स्टेटसमध्ये उत्तराची वाट बघत बसतो आणि मागचे सगळे रांगेत थांबतात. ज्या प्रश्नाला ऑपरेटर दरवेळी डोळे झाकून तेच उत्तर देतो, तो सिस्टिम रिप्लाय लिस्टवर, म्हणजे ठरलेल्या प्रश्नांना आपोआप उत्तर देणाऱ्या यादीवर सोपवावा. बाकीचे सोपवू नयेत.

कमांड लाइनवर डब्ल्यूआरकेआरपीवायएलई टाइप करा. नव्या सिस्टिमवर चार एंट्री आधीच दिसतील: क्रमांक 10 वर मेसेज आयडी सीपीए0700, 20 वर आरपीजी0000, 30 वर सीबीई0000, 40 वर पीएलआय0000, सगळ्यांचं उत्तर डी. शेवटचे चार शून्य म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे मेसेज. शेवटचे दोनच शून्य असतील तर तेवढ्या शंभरातले. गंमत अशी की आरपीजी0000 फक्त जुन्या आरपीजीला (आयबीएमची प्रोग्रॅमिंग भाषा) लागू होतं. आयएलई आरपीजीचे (तिची नवी आवृत्ती) प्रश्न आरएनक्यूने सुरू होतात, त्यामुळे शून्याने भागलं की आरएनक्यू0102 येतो आणि त्याला या यादीत उत्तरच नसतं.

एफ6 दाबून नवी एंट्री करा: क्रमांक 50, मेसेज आयडी आरएनक्यू0000, रिप्लाय डी. डी दिलं की प्रोग्रॅमचा फॉरमॅटेड डंप (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) स्पूलमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत पडतो आणि प्रोग्रॅम थांबतो. सकाळी कारण शोधायला तोच कामाला येतो. त्याच स्क्रीनवरचा ‘डंप’ हा पर्याय वेगळा आहे, तो अख्ख्या जॉबचा डंप काढतो. तो ‘नो’च राहू द्या.

इथेच बहुतेक जण फसतात. एंट्री केली तरी जॉब पुन्हा अडकतो, कारण जॉब त्या यादीकडे बघतच नाही. जॉबचं आयएनक्यूएमएसजीआरपीवाय (प्रश्नाला उत्तर कुणी द्यायचं ते सांगणारं सेटिंग) मूळात *आरक्यूडी असतं, म्हणजे माणसाने उत्तर द्यायचं. बॅचच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये (जॉब सुरू होताना घेतो ती सेटिंग) सीएचजीजेओबीडीने ते *एसवायएसआरपीवायएल करा. चालू असलेल्या जॉबला हा बदल कळत नाही, त्याला सीएचजीजेओबी वेगळं द्यावं लागतं. आणि आधीच विचारून झालेल्या प्रश्नाला यादी उत्तर देत नाही. तो एकदा हातानेच मोकळा करा. मेसेज आयडी नसलेल्या, प्रोग्रॅमरने तिथल्या तिथे लिहिलेल्या प्रश्नांनाही ती लागू नाही.

यादी लहान क्रमांकापासून वाचली जाते आणि पहिली जुळणारी एंट्री जिंकते. म्हणून विशिष्ट एंट्री वर, सरसकट खाली. डिलिव्हरी चलनाच्या छापील कागदासाठी प्रिंटर सीपीए3394 (‘हा फॉर्म लावा’) विचारतो. सगळ्या फॉर्मना जी (म्हणजे ‘छाप’) दिलंत तर चलनाचा मजकूर साध्या कागदावर जाईल. कम्पॅरिझन डेटात फक्त ज्या फॉर्मला आपोआप उत्तर चालेल त्या फॉर्म टाइपचं नाव आणि त्याची सुरुवातीची जागा द्या. ही तुलना पडद्यावरच्या वाक्याशी होत नाही, मेसेज डेटाशी होते. डीएसपीएमएसजीडी (मेसेजचा तपशील दाखवणारी कमांड) देऊन फील्ड डेटा उघडा आणि आधीच्या फील्डच्या लांबींची बेरीज करून एक मिळवा: आधी दहा-दहाची दोन असतील तर तिसरं 21 वर. तुलनेला जास्तीत जास्त 28 अक्षरं. प्रिंटर रायटर (प्रत्यक्ष छपाई करणारा) हा स्वतंत्र जॉब आहे, त्याचंही जॉब डिस्क्रिप्शन बदलायला विसरू नका.

सीपीए5305, म्हणजे ‘मेंबर भरला’, याला मात्र आपोआप आय (म्हणजे ‘पुढे चालू दे’) देऊ नका. फिजिकल फाइलची (प्रत्यक्ष डेटा असलेली फाइल; मेंबर हा तिचा भाग) मूळ मर्यादा 10,000 रेकॉर्ड आणि 1,000 चे 3 टप्पे, एकूण 13,000. खरोखर वाढणारी फाइल असेल तर सीएचजीपीएफने साइझ *नोमॅक्स करा, प्रश्नच येणार नाही. आपोआप आय दिलं आणि एखादा प्रोग्रॅम लूपमध्ये गेला, तर डिस्क भरेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. ‘आर’चंही तसंच: पुन्हा प्रयत्न, पुन्हा तोच प्रश्न, आणि जॉब लॉग फुगत राहतो.

9999 वर *एनी (कुठलाही मेसेज) टाकून सगळं मिटवायचा मोह होतो. तसं करायचंच असेल तर रिप्लाय *आरक्यूडी ठेवा. क्यूसिसओपीआर या ऑपरेटरच्या मेसेज क्यूची डिलिव्हरी *डीएफटी करणं तर त्याहून वाईट. तिथे प्रत्येक प्रश्नाला डीफॉल्ट उत्तर जातं, मग तो पगाराचा जॉब का असेना.

चाचणीसाठी शून्याने भागणारा चार ओळींचा आयएलई आरपीजी प्रोग्रॅम एसबीएमजेओबीने सोडा, त्याच कमांडमध्ये आयएनक्यूएमएसजीआरपीवाय *एसवायएसआरपीवायएल द्या. स्पूलमध्ये क्यूपीपीजीएमडीएमपी दिसला की एंट्री लागू झाली.