लघवीवरचा ताबा सुटतो तेव्हा : मूत्राशयाच्या तपासण्यांना कसे सामोरे जावे

जोतिबाच्या पायऱ्या चढताना, वैरणीचा भारा उचलताना किंवा नुसते शिंकताना लघवीचे थेंब गळणे आणि लघवीला लागल्यावर मोरी गाठण्याआधीच कपडे ओले होणे, या तक्रारी सारख्या वाटल्या तरी त्यांची कारणे वेगळी असतात. पहिल्या प्रकारात मूत्रमार्गाला आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात, तर दुसऱ्यात मूत्राशय पुरते भरण्याआधीच त्याचा स्नायू आपोआप आकुंचन पावू लागतो. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत किंवा मधुमेहाने नसा कमजोर झालेल्या रुग्णांत, मूत्राशय नीट रिकामेच होत नाही आणि साठलेली लघवी ओसंडून गळत राहते. दुसऱ्या प्रकारासाठी दिले जाणारे औषध तिसऱ्या प्रकारच्या रुग्णाने घेतले, तर लघवी पूर्णपणे अडू शकते. म्हणून शेजारणीला गुण आलेली गोळी आपणही आणून घेणे धोक्याचे आहे.

माझ्या मते सर्वांत मोलाची तपासणी घरीच होते आणि तिला वही, पेन आणि मिलिलिटरच्या खुणा असलेले प्लास्टिकचे मोजपात्र एवढेच लागते. सलग तीन दिवस, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती लघवी झाली, चहा, ताक, पाणी, रस्सा असे काय आणि किती पोटात गेले, लघवी कधी सुटली आणि त्या वेळी आपण काय करत होतो, हे सारे लिहावे. त्या तीन दिवसांत मुद्दाम पाणी कमी पिऊ नये. एसटीच्या प्रवासात अडचण नको म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न घेणाऱ्या अनेक बायका आपल्याकडे आहेत. अशा दिवसाची नोंद खरी असली तरी ती अपुरी ठरते, म्हणून निदान एक दिवस नेहमीच्या कामाचा आणि एक घरचा असावा. चोवीस तासांची लघवी तीन लिटरच्या घरात जात असेल, तर मूत्राशयाआधी रक्तातली साखर आणि पाणी पिण्याची सवय तपासावी लागते.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा की खासगी दवाखान्यात, केसपेपर काढून लगेच लघवीला जाऊन येऊ नका, कारण भरलेल्या मूत्राशयानिशी खोकायला लावून गळती होते का, हे डॉक्टरांना पाहायचे असते. लघवीचा नमुना पहिली धार सोडून मधल्या धारेचा द्यावा. त्यातून जंतुसंसर्ग, साखर आणि रक्त कळते. त्यानंतर लघवी करून लगेच सोनोग्राफी केली जाते आणि आत किती लघवी उरली, ते मोजले जाते. ५० मिलिलिटरपेक्षा कमी उरली तर मूत्राशय चांगले रिकामे होते असे समजतात, २०० पेक्षा जास्त उरणे मात्र दखल घेण्यासारखे असते. रांगेत अर्धा तास गेला असेल, तर तसे स्पष्ट सांगून पुन्हा लघवीला जाऊन यावे, नाहीतर आकडा फुगलेला येतो.

युरोफ्लोमेट्रीत नरसाळे बसवलेल्या यंत्रात लघवी करायची असते आणि धारेचा वेग नोंदला जातो. किमान १५० मिलिलिटर लघवी झाली नाही तर निष्कर्षावर विसंबता येत नाही, आणि जोर लावून केलेली धारही फसवी असते.

युरोडायनॅमिक तपासणी, म्हणजे मूत्राशय भरताना त्यातला दाब मोजणारी तपासणी, प्रत्येकाला लागत नाही. औषधे आणि स्नायूंचे व्यायाम करूनही फरक नसेल, शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल किंवा मज्जातंतूंचा आजार असेल, तेव्हा ती सुचवली जाते. आधी जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून घ्यावी, बद्धकोष्ठता असल्यास सांगावे आणि चालू गोळ्या बंद ठेवायच्या का, हे डॉक्टरांनाच विचारावे. एक बारीक नळी मूत्राशयात आणि दुसरी गुदाशयात ठेवतात. दुसरीचे अनेकांना कोडे पडते. खोकताना पोटाचा दाबही वाढतो. तो वजा केल्याशिवाय मूत्राशयाच्या स्नायूने स्वतः किती जोर केला, हे कळत नाही. मग सलाईन हळूहळू सोडत पहिली जाणीव कधी झाली, घाई कधी वाटली, आता थांबवत नाही असे कधी झाले, ते विचारतात. तेव्हा धीर धरून उत्तर लांबवू नका. टेबलावर लघवी सुटली तर शरमून जाऊ नका. घरी जे घडते तेच तिथे दिसावे, यासाठीच ही सारी मांडणी असते. स्त्रियांनी खोलीत परिचारिका असावी अशी मागणी जरूर करावी.

नंतर एखादा दिवस जळजळ होते, ती भरपूर पाणी प्यायल्याने कमी होते. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवीच होईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अहवालासोबत आलेख असलेले कागद मागून घ्यावेत आणि घरच्या वहीबरोबर जपून ठेवावेत, कारण पुढे पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागला, तर तिथे आधी हेच मागतात.