स्कूबासाठी फिन्सचे माप: आधी बूट, मग फिन

स्कूबा डायव्हिंग शिकून झाले की स्वतःचे साहित्य घेण्याची इच्छा होते आणि मास्कपाठोपाठ बहुतेकांची पहिली खरेदी फिन्सची, म्हणजे पोहताना पाणी मागे ढकलण्यासाठी पायात घालायच्या रुंद पात्यांच्या जोडीची, असते. मास्क चेहऱ्याला लावून नाकाने श्वास आत ओढला की तो नीट बसतो की नाही हे दुकानातच समजते. फिन्सची निवड मात्र पुष्कळदा नेहमीच्या बुटाचा नंबर सांगून उरकली जाते आणि मग पाण्यात पोटरीला गोळा येतो, टाच सोलवटते किंवा बोटीवरून उडी मारताच एक फिन पायातून निसटून तळाकडे जाते. हे टाळायचे असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: फिनचे माप नुसत्या पायावरून ठरत नाही, पाण्यात उतरताना पायात जे काही घातलेले असेल, त्यासकट पायावरून ते ठरते.

म्हणून पहिला निर्णय फिनच्या प्रकाराचा. बंद टाचेची फिन बुटासारखी संपूर्ण पाय कवेत घेते आणि ती अनवाणी पायात किंवा निओप्रीनच्या, म्हणजे वायूचे बुडबुडे असलेल्या मऊ रबराच्या, पातळ मोज्यावर घालतात. उघड्या टाचेच्या फिनमध्ये पायाचा पुढचा भाग कप्प्यात जातो, टाच बाहेर राहते आणि मागून पट्टा येतो. ही फिन निओप्रीनच्या बुटावरच घालायची असते. लक्षद्वीपच्या कोमट, नितळ पाण्यात केवळ बोटीवरून उतरणार असाल तर बंद टाचेची फिन हलकी आणि सोयीची पडते. देशांतर्गत विमानात बहुधा पंधरा किलोच सामान नेता येते, तेव्हा हा हलकेपणा उपयोगी पडतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर डायव्हिंग करणाऱ्यांना मात्र मी उघड्या टाचेची फिन आणि जाड तळव्याचा बूट हीच जोडी सुचवेन. मालवणसारख्या ठिकाणी खडकांना कालवे चिकटलेली असतात, त्यांच्या कडा अनवाणी पाय सहज कापतात आणि हेलकावणाऱ्या बोटीची शिडी ओल्या, मऊ पडलेल्या तळव्यांना चांगलीच खुपते.

प्रकार ठरल्यावर पाय मोजावा, तोही संध्याकाळी, कारण दिवसभर उभे राहून आणि चालून पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून आखून घ्यावे. स्वतः वाकून आखताना पायावरचा भार बदलतो आणि खूण मागेपुढे होते. काहींच्या पायाचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, त्यांनी त्या बोटापर्यंत मोजावे. दोन्ही पाय मोजावेत आणि जे माप मोठे येईल ते धरावे. चवड्याची रुंदीही मांडून ठेवावी, कारण रुंद चवड्याच्या माणसाला लांबीने बरोबर असलेली फिनसुद्धा कडेने चावते.

आता नंबरांचा गोंधळ. आपल्याकडे बुटांवर असतात ते बहुधा ब्रिटिश नंबर, तर बंद टाचेच्या अनेक फिन्सवर ४०-४१, ४२-४३ असे युरोपीय नंबर जोडीने छापलेले असतात. युरोपीय नंबर काढण्याची एक ढोबळ रीत अशी: पायाच्या सेंटिमीटरमधील लांबीत दीड मिळवावा आणि आलेल्या संख्येला दीडने गुणावे. २६ सेंटिमीटर लांबीचा पाय या हिशेबाने ४१ नंबरच्या आसपास येतो, म्हणजे आपल्याकडचा साधारण ७ नंबर. अमेरिकी तक्त्यात पुरुषांचा नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा साधारण एकाने आणि स्त्रियांचा साधारण दोनाने मोठा असतो. परदेशी संकेतस्थळावरून मागवताना आपण ८ नंबर म्हणतो आणि ते दुसराच ८ समजतात, ही चूक नेहमीची आहे. उघड्या टाचेच्या फिन्स मात्र स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येतात आणि एका कंपनीचे मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियमएवढे असेलच असे नाही. तक्ता अनवाणी पाय धरून केला आहे की बुटासह, हे विचारून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

उघड्या टाचेची फिन घ्यायची असल्यास आधी बूट विकत घ्यावा, निदान ठरवून तरी ठेवावा. बूट तीन मिलिमीटरचा, पाचचा की सातचा, त्याचा तळवा पातळ आहे की कडक रबराचा, यावर फिनचे माप एका पायरीने खालीवर होऊ शकते. बूट स्वतः अंगासरशी बसणारा हवा. त्याच्या टोकाला बोटे हलकेच टेकावीत, पण दुमडू नयेत, आणि टाचेमागे पाणी डचमळेल अशी पोकळी राहू नये. असा बूट घालूनच फिन पायात घालून पाहावी.

फिन घालून पाहण्याच्या कामी घाई करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खुर्चीवर बसून पाय कप्प्यात पूर्ण आत सरकवावा. उघड्या टाचेच्या फिनमध्ये पाय कमानीच्याही मागेपर्यंत आत गेला पाहिजे आणि बुटाची टाच कप्प्याच्या तळाबाहेर बोटभर ते दोन बोटे उरली पाहिजे. निम्मा तळपाय बाहेर राहत असेल तर फिन लहान आहे. टाचही पूर्णपणे आत मावत असेल तर ती मोठी आहे आणि पट्टा कितीही ओढला तरी ते मोठेपण जात नाही. पट्ट्याचे काम पायाला मागून आधार देणे एवढेच आहे, चुकलेले माप दुरुस्त करणे हे त्याचे काम नव्हे. बंद टाचेच्या फिनमध्ये बोटे सरळ राहिली पाहिजेत आणि टाचेभोवतीचे रबर सगळीकडून सारखे टेकले पाहिजे. यानंतर पाय अधांतरी उचलून आधी वरखाली आणि मग डावीकडे-उजवीकडे झटकावा. सोबतच्या माणसाला पात्याचे टोक धरून ते वर आणि खाली वाकवायला सांगावे आणि त्या वेळी आपली नजर टाचेवर ठेवावी. पाते वाकताना टाच कप्प्यातून वर सुटत असेल किंवा पाय आत कडेला फिरत असेल, तर त्याच दिशेने ती पाण्यातही हलणार. मग फिन्स तशाच पायात ठेवून दहा मिनिटे बसावे. बोटांना मुंग्या येणे, पायाच्या वरच्या बाजूला एकाच रेषेत दाब जाणवणे, करंगळी दुखू लागणे, ही घट्टपणाची लक्षणे पहिल्या मिनिटात कळत नाहीत.

कोरड्या पायाला दुकानात किंचित आवळ वाटणारी फिन पाण्यात बहुधा बरोबर होते, कारण भिजलेले रबर आणि निओप्रीन एकमेकांवरून सहज सरकतात. शिवाय खोलीबरोबर निओप्रीन दबते. दहा मीटरवर एकूण दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट आणि वीस मीटरवर तिप्पट असतो. निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे त्या दाबाने आकसतात आणि बूट पातळ होतो. म्हणून जमिनीवरच थोडी सैल असणारी फिन खाली गेल्यावर आणखी सैल होते. आवळ आणि घट्ट यांतला फरक वेदनेवरून ओळखावा: आवळ फिन पायाला सगळीकडून सारखी धरते, घट्ट फिन एका जागी दुखवते.

पायाला गोळा येतो तो फिन घट्ट असल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. घट्ट फिनने रक्ताभिसरण अडते आणि गोळा येतो, हे खरेच आहे. परंतु सैल फिनमुळे येणारा गोळा तितकाच नेहमीचा असतो आणि त्याचे कारण कोणी शोधत नाही. फिन निसटेल या धास्तीने, स्वतःच्याही नकळत, माणूस बोटे आत वळवून ती पकडून ठेवतो. अर्धा तास बोटे अशी आखडलेली राहिली की तळपायाची कमान आणि पाठोपाठ पोटरी आवळून येते. याशिवाय मांडीतून निघालेल्या प्रत्येक फटक्याचा पहिला भाग पाय आणि कप्पा यांमधली फट भरून काढण्यातच खर्च होतो. श्रम वाढतात, श्वास वाढतो आणि टाकीतली हवा लवकर संपते. गोळा आलाच तर गुडघा सरळ करून पात्याचे टोक हाताने धरावे आणि स्वतःकडे ओढावे, म्हणजे पोटरी ताणली जाऊन मोकळी होते.

दोन मापांच्या मध्ये पाय येत असेल तर बंद टाचेच्या प्रकारात मोठे माप घेऊन आत निओप्रीनचा मोजा घालावा. लहान माप ताणून वापरण्याच्या फंदात पडू नये. उघड्या टाचेच्या प्रकारात बुटाची जाडी बदलून दोन्ही मापे पुन्हा घालून पाहावीत. पट्टा रबरी आणि बक्कलाचा असावा की स्प्रिंगचा, हा आवडीचा प्रश्न आहे, तरी स्प्रिंगचा पट्टा खोलीवर बूट दबल्यानंतरही आपोआप ताण धरून ठेवतो आणि शिडीजवळ एका हाताने काढता येतो, म्हणून त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते.

पात्याची लांबी आणि कडकपणा हाही मापाचाच भाग समजावा. फ्रीडायव्हिंगची, म्हणजे टाकीशिवाय एका श्वासात खोल जाण्याच्या खेळाची, लांबलचक पाती दिसायला मोहक असली तरी स्कूबासाठी, विशेषतः नवशिक्यासाठी, ती अडचणीची ठरतात. मध्यम लांबीचे, मध्यम लवचीक पाते बहुतेकांना पुरते. भरीव रबराच्या जड फिन्स पाण्यात बुडतात आणि पाय खाली खेचतात. जाड ड्रायसूटमध्ये, म्हणजे अंग कोरडे ठेवणाऱ्या पोशाखात, पाय वर तरंगू लागतात, तिथे हा गुण कामाचा आहे, पण पाणी आत येऊ देणाऱ्या निओप्रीनच्या पातळ वेटसूटमध्ये त्याची गरज क्वचितच पडते.

मुलांच्या बाबतीत एक विनंती आहे. प्रमाणपत्राचा ज्युनिअर अभ्यासक्रम दहाव्या वर्षापासून करता येतो आणि वाढता पाय म्हणून आईवडील दोन नंबर मोठ्या फिन्स घेऊन ठेवतात. गणवेशाच्या बाबतीत चालणारी ही काटकसर येथे चालत नाही. निसटत्या फिन्सनी मूल दमते, घाबरते आणि पाण्यावरचा त्याचा विश्वास उडतो. पाय वाढत असेपर्यंत भाड्याच्या, पण मापात बसणाऱ्या फिन्स बऱ्या.

नव्या फिन्स समुद्रात नेण्यापूर्वी, परवानगी काढून, तरण तलावात वापरून पाहाव्यात. साधे वरखाली पाय मारण्याने सगळे दोष दिसत नाहीत. बेडकासारखे पाय बाजूला फाकवून जवळ घेण्याची पद्धत वापरली की पात्यावर कडेने दाब येतो आणि थोडासा सैलपणाही लगेच लक्षात येतो.

फिन्स भाड्याने घेणाऱ्यांनी बूट आणि फिन एकाच वेळी मागून घ्यावेत आणि दोन्ही एकत्र घालून पाहावेत. बुटाचा आकडा सांगून जे मिळेल ते पिशवीत टाकू नये. दोन्ही फिन्सवर कोरलेले माप एकच आहे का, पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढलेले आहेत का, पट्टा वाकवल्यावर भोकांजवळ बारीक चिरा उघडतात का, हे बोट सुटण्यापूर्वी धक्क्यावरच तपासावे, म्हणजे बदलून घ्यायला वेळ राहतो.