पिटाच्या (1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा) धाडीनंतर सज्ञान बाई सुधारगृहात अडकू नये म्हणून

कामाठीपुऱ्यात किंवा उपनगरातल्या एखाद्या लॉजवर धाड पडली की पहिला प्रश्न वयाचा येतो. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, मूळ कागद आणि दोन झेरॉक्स घेऊनच पोलीस ठाण्यात जा. कागद नसला की वैद्यकीय तपासणी होते. त्यात वयाचा अंदाजच मिळतो आणि एकोणीस-वीस वर्षांची बाई अल्पवयीन ठरू शकते. मुलगी खरोखरच 18 च्या आतली असेल तर मात्र पुढचं काहीही तिला लागू नाही. तिला बालकल्याण समितीपुढेच न्यायला हवं, तिथे तिच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही.

मग पंचनामा पाहा. कलम 15 प्रमाणे झडतीला दोन महिला पोलीस आणि पंचांत किमान एक बाई लागते. कंडोम पुरावा म्हणून दाखवले असतील तर सर्वोच्च न्यायालयाचा 19 मे 2022 चा आदेश जोडून हरकत घ्या.

खरी गफलत दंडाधिकाऱ्यांपुढे होते. घरवालीने, म्हणजे कुंटणखाना चालवणारीने, पाठवलेला वकीलच या बाईसाठीही उभा राहतो, आणि ती दबावाखाली आहे असा न्यायालयाचा समज होतो. वकील वेगळाच हवा. विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. अर्जात वय, स्वतःची इच्छा आणि सुटल्यावर राहण्याचा पत्ता स्पष्ट लिहा. गृहचौकशी गावी न नेता मुंबईच्या पत्त्यावर करावी अशी विनंतीही त्यातच करा. चौकशीचा माणूस दारात उभा राहिला की गावाला सगळं कळतं, मग परतायची वाटच बंद होते.

चौकशीपुरता ताबा तीन आठवड्यांचा. त्यानंतर कलम 17 खाली एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. त्यावर सत्र न्यायालयात अपील करा. मालाडच्या धाडीतल्या तीन सज्ञान स्त्रियांना उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये सोडलं. वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलंय. तो निकाल सोबत ठेवा.

ही धावपळ दर वेळी करावी लागते, कारण 1956 चा कायदाच तसा आहे. दोघींनी सोबतीसाठी एक खोली घेऊन धंदा केला तरी त्याच्या व्याख्येतल्या 'परस्पर फायद्यासाठी' या शब्दांमुळे तो कुंटणखाना होतो. कलम 4 मुळे आईच्या कमाईवर शिकणारा सज्ञान मुलगाही आरोपी होऊ शकतो. कायदा बदला म्हणून निवेदन देताना मोघम मागण्या नकोत. व्याख्येतून 'परस्पर फायद्यासाठी' हा भाग काढा, कलम 4 फक्त जबरदस्तीने पैसे उकळणाऱ्यांना लावा आणि कलम 17 मध्ये सज्ञान बाईच्या लेखी संमतीशिवाय ताबा नको, एवढं नेमकं मागा.